हार्ड आणि हार्डली

बालमित्रांनो, आज तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्याही चुका होतात बरं का!

१५ ऑगस्टला आमच्या चौथीच्या वर्गाने भित्तिपत्रक केलं होतं. विषय होता 'माझे बाबा'. एका मुलीने हट्टाने इंग्रजीतच लिहिलं. ओळी दोनच : 'माय फादर हार्डली वर्क्ड इन द फील्ड. दे डिड नॉट वेंट होम.' अक्षर मोत्यासारखं. घाईगडबडीत मी कागद न वाचताच चिकटवून टाकला.

झेंडावंदन झालं, गावकरी भित्तिपत्रक पाहू लागले. कॉलेजात जाणारा एक दादा मोठ्याने हसला नि म्हणाला, "अगं, तू तर लिहिलंयस, बाबा शेतात कामच करत नव्हते!" तिचे बाबा शेजारीच उभे. खुरपणी अर्धी टाकून आले होते बिचारे. ते काही बोलले नाहीत. मुलगी मात्र रडत वर्गात जाऊन बसली.

तिला म्हणायचं होतं, 'बाबा शेतात खूप राबले.' मग बिघडलं कुठे?

क्रिया कशी घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. 'क्विक'चं 'क्विकली', 'स्लो'चं 'स्लोली'. विशेषणाला 'ली' जोडा की झालं, असं मीच शिकवलं होतं. तिने इमानदारीने 'हार्ड'ला 'ली' जोडलं. पण 'हार्ड' आहे तसंच क्रियाविशेषण होतं. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! 'फास्ट'लाही 'ली' लागत नाही : 'ही रॅन फास्ट.' आणि 'लेट' म्हणजे उशिरा, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. आहे की नाही गंमत?

शिवाय जागा बघा. मराठीत 'खूप राबले', म्हणजे 'खूप' आधी, क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'वर्क्ड' आधी आणि 'हार्ड' मागून. तिने मराठीची जागा धरली, आणि नेमकी तीच 'हार्डली'ची लाडकी जागा निघाली. मग अर्थ उलटणारच.

आता 'डिड नॉट वेंट'. ही चूक तर घरोघरी! आपण म्हणतो 'गेले नाहीत'. भूतकाळ 'गेले'मध्ये असतो, 'नाहीत' नुसता नकार देतो. इंग्रजीत नकार आला की भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो. एका वाक्यात एकच हमाल पुरे! म्हणून 'डिड नॉट गो'. पालकांनो, वहीत 'डिड नॉट वेंट' दिसलं तर एकदम रागावू नका. त्यामागे अगदी शुद्ध मराठी वाक्य उभं असतं.

'गो'चं 'वेंट' कसं काय, असं मुलं विचारतात. 'वेंट' हा मुळात 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'ने तो कायमचा उसना घेतला. इंग्रजीला हसू नका हं, आपलं 'जातो' आणि 'गेला' तरी कुठे सारखे दिसतात?

राहिला 'दे'. बाबांना आपण 'तो' म्हणत नाही, 'ते' म्हणतो. 'ते' म्हणजे 'दे', म्हणून तिने 'दे' लिहिलं. मला तर या चुकीचं कौतुकच वाटलं. पण इंग्रजीत एका माणसाला 'ही', मग तो शाळकरी पोरगा असो की राष्ट्रपती. त्यात अपमान काहीच नाही. सर्वनामांचा आपला डबा मोठा आहे. 'आम्ही गेलो' आणि 'आपण गेलो' यांत केवढा फरक! पहिल्यात समोरचा माणूस वगळला, दुसऱ्यात धरला. इंग्रजी दोन्हीकडे 'वुई वेंट' म्हणून मोकळी.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली. मुलीने नवा कागद लिहिला : 'माय फादर वर्क्ड हार्ड इन द फील्ड. ही डिड नॉट गो होम.' संध्याकाळी तिच्या बाबांना मुद्दाम शाळेत बोलावलं. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं, अर्थ सांगितला.

बाबांनी विचारलं, "यातला मी कुठला गं?"

तिने 'ही'वर बोट ठेवलं.

"ही म्हणजे मी?" बाबा खो खो हसले. "आपल्यात तर 'ही' म्हणजे तुझी आई की गं!"