वही घरची, विद्या महाविद्यालयाची

भंडारा, तुमसर, पवनी येथील व्यापारी घराण्यांत रोजमेळ व खतावणीचे शिक्षण पेढीवरच मिळत असे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, विवरणपत्रे संगणकावरून भरणे आले आणि संगणक न जाणणाऱ्या पेढीचा हिशेब परक्याच्या भरवशावर राहू लागला.

नागपूर विद्यापीठाच्या बी.सी.सी.ए. अभ्यासक्रमात वाणिज्यासोबत संगणकाची मूलतत्त्वे शिकविली जातात. रॅममधील नोंद वीज जाताच पुसली जाते, डिस्कवर जतन केलेलीच टिकते. चुकीची रक्कम लिहिली तर यंत्र चुकीचीच बेरीज देते. कच्ची नोंद त्याच दिवशी, पडताळूनच पक्क्या वहीत उतरविण्याची वडीलधाऱ्यांची शिस्त याहून निराळी नव्हती. घरातील मुलामुलींनी हे मूळ जाणले, तर पेढीची वही घरच्याच हाती राहील.