भिंतीवर जिवंत माणसं लावूया

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना मध्येच भरकटलेली गाडी थोडी रुळावर आणलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

ओळखीच्या कुठल्याही मराठी घराच्या हॉलमध्ये उभे राहा आणि भिंती बघा. एक कॅलेंडर असतं, एक घड्याळ असतं, देवांच्या एक-दोन तसबिरी असतात. आणि हार घातलेले एक-दोन फोटो असतात, म्हणजे आजोबा किंवा पणजी. लग्नाचा फोटो असलाच तर आतल्या खोलीत. हसती-बोलती, अजून आपल्यात असलेली माणसं भिंतीवर जवळजवळ नसतातच. ती सगळी फोनमध्ये असतात, पार्किंगच्या खांबांचे नंबर, लाइट बिलं आणि मीटिंगमधल्या फळ्याचे फोटो यांच्या गर्दीत.

याचं कारण आळस नाही, संकेत आहे. मी आजीला म्हटलं, तुझा छान फोटो मोठा करून लावतो. ती म्हणाली, "एवढी घाई झालीय होय रे मला भिंतीवर चढवायची?" फ्रेम म्हणजे गेलेला माणूस, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तिला पटवायला आम्ही एक तोडगा काढला: एकटीचा फोटो लावायचा नाही. चुलीपुढे ती आणि शेजारच्या काकू पापड लाटत हसतायत तो लावला. एकट्याचा, समोर बघणारा, छातीपर्यंतचा फोटो भिंतीवर श्रद्धांजलीसारखा दिसतो. दोन माणसं, हातात काहीतरी काम आणि कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष असा फोटो घरातला वाटतो. फोटो निवडताना माझा आता हाच पहिला नियम आहे.

बरं, भिंतीवर तसबीर लावणं ही आपल्याकडे काही शहरी फॅशन नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे दगडी शिळांवरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत चित्रांनी साध्या घरांच्या भिंती भरल्या. आणि ऋतूप्रमाणे भिंतीवरचं चित्र बदलणंही आपल्याकडे आहे. श्रावणातला जिवतीचा कागद आठवा. वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्तीवर-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. लेकरांच्या भल्यासाठी महिनाभर तो कागद भिंतीवर असतो. 'सीझनल वॉल डेकोर' म्हणून व्हिडिओ बघणाऱ्यांना मी हेच सांगतो, आपल्या आज्या हे आधीपासून करतायत.

आता कामाचं बोलू. फोटो निवडला, पुढे काय?

पहिली अडचण पिक्सेलची. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० ठिपके हा हिशोब धरतात. ८ बाय १० इंचांच्या फोटोला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे तो आरामात पुरतो. मोठी फ्रेम आपण लांबून बघतो, तिथे इंचाला १५०-२०० ठिपकेही चालतात. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आला असेल तर त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. तो ५ बाय ७ पर्यंत ठीक दिसतो, त्यापुढे गालांवर चौकोन दिसायला लागतात. म्हणून काकांकडून फोटो मागताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' म्हणा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. काकांना डॉक्युमेंटचं बटण फोनवरून समजावून सांगणं हा मात्र वेगळ्या भागाचा विषय आहे.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे आणि लॅबवाले आपणहून सांगत नाहीत. बहुतेक फोनचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, आणि ४ बाय ६ किंवा १२ बाय १८ हे नेहमीचे कागद ३:२ प्रमाणात. प्रमाण जुळत नाही, मग मशीन फोटो कापतं. ४०३२ बाय ३०२४ चा आडवा फोटो घ्या. ३:२ करायला उंची २६८८ वर आणावी लागते, म्हणजे ३३६ ओळी जातात. बरोब्बर नववा हिस्सा. ग्रुप फोटोत तो नववा हिस्सा म्हणजे मागच्या रांगेतल्या उंच मामाचं डोकं. उपाय दोन: स्वतः आधी कापून फाइल द्या, किंवा ६ बाय ८, ९ बाय १२, १२ बाय १६ ही मापं मागा. ती ४:३ आहेत, काहीच कापलं जात नाही.

कागद मॅट घ्या. ग्लॉसी कागदावर काच आली की चकाकी दुप्पट होते. आणि घरच्या साध्या इंकजेटवर काढलेली प्रिंट फ्रेमसाठी वापरू नका, उजेडात तिचे रंग लवकर उडतात.

फ्रेमवाल्याकडे गेलात की तो आधी पट्टी दाखवतो: सोनेरी, तपकिरी, नक्षीवाली. लोक अर्धा तास पट्टीवर घालवतात आणि माउंट नको म्हणून पैसे वाचवतात. माझं मत उलटं आहे. पट्टी सगळ्यात स्वस्त घ्या, माउंट मात्र सोडू नका. माउंट म्हणजे फोटोभोवतीची ती जाड पांढरी चौकट, आतल्या कडेला तिरकी कापलेली. ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम वेगळं आहे. ती फोटो आणि काच यांच्यामध्ये फट ठेवते.

ही फट का हवी, हे आमच्याच घरात घडलंय. आजोळी आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो होता, काचेला थेट टेकलेला, माउंट नव्हतं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा आत जातो, जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटतं आणि उन्हाळ्यात तसंच वाळतं. असे चाळीसेक पावसाळे गेले. मग घर रंगवताना मामाने फ्रेम उघडली आणि फोटो ओढला. आजोबांचा फेटा आणि अर्धा चेहरा काचेवर राहिला. दुसरी प्रत नव्हती.

तुमच्याकडे असा चिकटलेला फोटो असेल तर ओढू नका, सुरी घालू नका, पाण्यात बुडवू नका. काचेसकट खिडकीजवळ न्या, ऊन थेट न पडता भरपूर उजेड असेल तिथे. समोरून, फ्लॅश बंद ठेवून, फोनमागे काळा कपडा धरून फोटो काढा. काळ्या कपड्यामुळे काचेत तुमचं प्रतिबिंब पडत नाही. आधी ही प्रत हातात ठेवा. मूळ फोटो सोडवायचाच असेल तर जुने कागद आणि फोटो जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

नवीन फ्रेमला मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराच्या किंवा बुचाच्या छोट्या चकत्या चिकटवा. फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते, मागून हवा फिरते, बुरशी कमी धरते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि पश्चिमेचं ऊन थेट पडणारी भिंत या दोन्ही टाळा. राहते घरातली आतली भिंत, आणि ती पुरते.

उंचीचा साधा अंदाज असा: फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरच्या आसपास. आपण देवांच्या तसबिरी वर लावतो, हात जोडायला मान वर करायची असते. माणसांना तिथे चढवू नका, ती नजरेसमोर हवीत. सोफ्याच्या वर लावत असाल तर पाठीपासून वीतभर अंतर ठेवा. चार-पाच फ्रेम एकत्र लावायच्या तर आधी वर्तमानपत्राचे तेवढेच तुकडे कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. जाता-येता खटकलं तर कागद हलवायला पैसे पडत नाहीत. आणि ड्रिल चालवताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच जाते.

भाड्याच्या घरातल्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे, मीही त्यातलाच. खिळा ठोकला की डिपॉझिटमधून कापणार. चिकटपट्ट्या गुळगुळीत प्लास्टिक पेंटवर बऱ्या धरतात, पण डिस्टेंपरच्या भिंतीवर रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात, कधीकधी फ्रेमसकट, रात्री तीन वाजता. त्यापेक्षा फ्रेम बुटांच्या कपाटावर, पुस्तकांच्या फळीवर नुसत्या टेकवून ठेवा. किंवा पडद्याच्या आधीच असलेल्या दोन हुकांमध्ये सुतळी बांधून लाकडी चिमट्यांनी प्रिंट लटकवा. तिथे माउंट-काच काही नसतं, प्रिंट सहा महिन्यांत पिवळट पडली तर बदलायची. दहा-पंधरा रुपयांच्या कागदाचा जीव तो किती!

ऋतूंचे उद्योग मी मोजकेच करतो, कारण शनिवारची एक दुपार यापलीकडे माझा उत्साह टिकत नाही.

पावसाळ्यात पिंपळाची जाळी. शाळेच्या पुस्तकात ठेवायचो तीच. चांगली जाडसर पानं पाण्यात बुडवून दोन-तीन आठवडे ठेवायची, लागली तर जास्त, अधूनमधून पाणी बदलायचं. भांड्याला घट्ट झाकण लावा, नाहीतर पानांऐवजी डेंग्यूचे डास तयार होतील. गर मऊ झाला की जुन्या मऊ टूथब्रशने अलगद काढायचा आणि जाळी कागदात दाबून वाळवायची. काळ्या कार्डशीटवर एकच पान ठेवून फ्रेम करा. तीन पानं ठेवली की लगेच हॉटेलच्या लॉबीसारखं दिसतं.

गणपतीत मखरासाठी थर्माकोल आता नाहीच, २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पुठ्ठा घ्या.

दिवाळीचा कंदील मात्र माझा आवडता, कारण तिथे फोटो आणि उजेड एकत्र येतात. कामट्यांचा किंवा जाड कार्डशीटचा चार बाजूंचा सांगाडा करा, प्रत्येक बाजूला ८ बाय १० ची मोकळी खिडकी. इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे ट्रेसिंग पेपर मिळतो. त्यावर चार जुने फोटो काळ्या-पांढऱ्यात लेझर प्रिंट करून घ्या आणि छापलेली बाजू बाहेर ठेवून चिकटवा. मागून दिवा लागला की काळा रंग करडा दिसतो, म्हणून छापण्याआधी कॉन्ट्रास्ट वाढवा आणि पांढरी पार्श्वभूमी जास्त असलेले फोटो निवडा. आत ५ वॉटचा एलईडी पुरे, वरची बाजू उघडी ठेवा, खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या. गेल्या दिवाळीत आमच्या गॅलरीखाली उभं राहून लोक विचारत होते, ही नऊवारीतली कोण?

आणि तिथे खरी अडचण कळते. चारपैकी एका फोटोतल्या दोन बायका कोण, हे आईलाही सांगता येईना.

१९८०-९०च्या दशकातले रंगीत फोटो अंधारातल्या अल्बममध्येही तांबूस होत जातात, कारण त्यातला निळसर रंग हळूहळू उडतो. त्या आधीचे कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचे असतात, ते जास्त टिकतात. म्हणजे पणजोबांपेक्षा आपल्या आई-बाबांच्या लग्नाचे फोटो आधी स्कॅन करायला हवेत. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा बारीक धागा खालून करवतीसारखा सरकवा. स्कॅन ६०० डीपीआयला करा, ४ बाय ६ चा फोटो दुप्पट मोठा छापता येतो. फाइलच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. ऑफिसच्या डेटाला जो नियम लावतो तोच.

पण स्कॅनर नावं वाचत नाही. ते काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं आहे आणि त्याला मुदत आहे. आम्ही असं करतो: फोटो टॅबवर मोठा करायचा, आजीच्या हातात द्यायचा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं. "हे कोण?" असं विचारायचं नाही, परीक्षेसारखं वाटतं. "हे कुठे काढलं होतं?" विचारायचं. जागेवरून माणसं आठवत जातात. कंदिलातल्या त्या दोघी आजोबांच्या चुलत बहिणी निघाल्या, पंढरपूरला जाऊन आल्यावरचा फोटो, आणि त्यातल्या धाकटीने आजीला सायकल शिकवली होती. सायकलचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ऐकलेलं लगेच लिहून ठेवा. जुन्या फोटोच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी लावा: डावीकडून नावं, गाव, जमेल तसं साल. फाइलच्या नावातही तेच टाका. 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे हे कुणाच्याच आजीचं नाव नाही.