जुन्या विवाह नोंदींतील पोर्तुगीज क्रियापदे कशी वाचावीत?

पूर्वजांचे दाखले शोधताना अंधेरी, बोरिवली परिसरातील धर्मग्रामवासीयांना पोर्तुगीज भाषेतील नोंदवह्या चाळाव्या लागतात. साष्टीतील पोर्तुगीज सत्ता १७३९ साली संपली. तथापि पाद्रुआदोच्या अधिकाराखालील चर्चमध्ये त्या भाषेत नोंदी होतच राहिल्या. ही चर्च १८८६ पासून दमण धर्मप्रांतात होती व १९२८ साली मुंबई महाधर्मप्रांतात आली. या नोंदींतील क्रियापदांविषयी दोन गोष्टी आम्ही येथे सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट अक्षरविभागणीची. शेवटचे जोडस्वर तोडू नयेत. ते मिळून एकच अक्षर होते. 'मी बाप्तिस्मा दिला' हे रूप बा-ति-झेय असे तीन अक्षरी आहे. लिहिताना त्यात 'प' असतो, परंतु तो उच्चारला जात नाही. 'जन्म झाला' हे रूप नश्-सेव असे दोन अक्षरी आहे. दोन्हींत जोर शेवटच्या अक्षरावर येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मराठीत जोर बदलला तरी अर्थ बदलत नाही. पोर्तुगीजमध्ये काळच बदलतो. विवाह नोंदीत रे-से-बे-रांव हे क्रियापद आढळते. जोर 'बे'वर असल्यास अर्थ 'त्यांनी स्वीकार केला'. जोर 'रांव'वर असल्यास 'ते स्वीकार करतील'. आज या दोन रूपांचे लेखन वेगळे आहे. परंतु १९११ च्या लेखनसुधारणेपूर्वी भूतकाळी रूपही अनेकदा भविष्यकाळासारखेच लिहीत. त्यामुळे झालेला विवाह 'होणार आहे' असा वाचला जातो आणि ती नोंद म्हणजे लग्नापूर्वीची जाहीर घोषणा असावी, असा गैरसमज होतो.

मग निर्णय कसा करावा? 'एकमेकांना' या अर्थाचा 'से' कोठे आहे ते पाहावे. तो क्रियापदानंतर जोडलेला असेल, तर काळ भूत. भविष्यकाळात तो क्रियापदाच्या पोटात शिरतो: रे-से-बेर-से-आंव. ही पाच अक्षरे असून जोर शेवटी आहे. 'से' क्रियापदाच्या आधी असेल, तर लेखनावरून उलगडा होत नाही. अशा वेळी विवाहाची तारीख, साक्षीदारांची नावे व धर्मगुरूंची सही पाहावी. ही तिन्ही असल्यास विवाहसंस्कार पार पडला आहे, असे समजावे.

नोंदीची मराठी प्रत करून घेताना एवढी दक्षता घेतली, तर केवळ एका अक्षरावरील जोरामुळे आपल्या पणजी-पणजोबांचा विवाह कागदोपत्री 'व्हावयाचा' राहणार नाही.