वाटप आधी, पडताळणी नंतर

खोपटच्या एस. टी. स्थानकात पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आधारपत्र पुढे करतात आणि वाहक त्यांना मोफत प्रवासाचे तिकीट देतो. एका यंत्रणेने नोंदलेले वय दुसरीने मानले. शिवाय कोणता कागद कोणाला दाखवला, हे त्या गृहस्थांना ठाऊक असते. खातीच परस्पर एकमेकांच्या नोंदी पाहू लागली, म्हणजे मात्र ही सोय उरत नाही.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२४ साली दरमहा १५०० रुपयांचे वाटप सुरू झाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे, घरात चारचाकी नसावी, या अटी होत्याच. पण उत्पन्न ठाऊक प्राप्तिकर खात्याला, मोटार परिवहन खात्याला आणि कुटुंब शिधापत्रिकेला! निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर जुलै २०२५ मध्ये सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे शासनाने सांगितले व त्यांचे पैसे तात्पुरते थांबवले.

अपात्रांना गेलेला पैसा ही तिजोरीची हानी. ती मोजता येते. विभक्त राहणाऱ्या दिराची मोटार जुन्या शिधापत्रिकेमुळे जिच्या घरात मोजली गेली असेल, तिची हानी कोणी मोजावयाची? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु शासकीय यंत्रणांना सूट देण्याची वाट त्याच कायद्यात आहे. नोंदी जरूर जोडाव्यात. मात्र कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून नाव वगळले जात आहे, हे त्या बाईला आधी लेखी कळवावे आणि तिचे म्हणणे ऐकून घेईपर्यंत हप्ता चालू ठेवावा.