दाब वाढला, बाकी सगळं तसंच

भोसरीतल्या एका गॅरेजात एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन हेड उतरवून ठेवलं होतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दोन सिलिंडर जवळपास सारखे आले होते, मधला निम्म्यावर. मिस्त्रींनी आधी त्याचा प्लग माझ्या हातात दिला. पांढऱ्या पोर्सेलीनवर भिंगातून चकचकीत कण दिसत होते. ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनचाच अंश. पिस्टन बाहेर काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटलेली, माथ्याचा काठ वाळूचा मारा केल्यासारखा खरबरीत.

गाडीला बाहेरून घेतलेला ट्यूनिंग बॉक्स होता. थोडा बूस्ट वाढवला, बाकी कशाला हात लावला नाही, असं मालक पुन्हापुन्हा सांगत होता. दुखणं नेमकं तिथेच होतं.

हा बॉक्स प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि खऱ्यापेक्षा कमी दाब कळवतो. ईसीयू भाबडेपणानं वेस्टगेट मिटवून दाब वाढवतो. इंधनाचा हिशेबही त्याच खोट्या आकड्यावर होतो. तो थोडाफार लॅम्ब्डा सेन्सर सावरतो. पण ठिणगी कधी पाडायची हेही ईसीयू कमी भाराच्या तक्त्यातून उचलतो. जास्त हवेला उशिराची ठिणगी हवी, इथे ती लवकर पडते.

त्यात उष्णता. तीस अंशांची हवा एक बार बूस्टला दाबली की इंटरकूलरच्या आधी सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. १.३ बारला छोटा टर्बो आपल्या कुवतीबाहेर फिरू लागतो आणि तीच हवा दीडशेच्या घरात पोचते. मग ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तिथलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, जळता वायू दोन हजारांच्या वर असतो. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या अंगालगत थंड वायूचा पातळ थर असतो. नॉकिंगच्या लाटा तो थर उडवून लावतात.

नॉक सेन्सर असतो की, असं कुणी म्हणेल. असतो, पण तो ठोका बसल्यावर ऐकतो आणि पुढची ठिणगी मागे घेतो. खंबाटकी घाटात पाचव्या गिअरमध्ये, अठराशे आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाशी दाबला, तर अशा डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कधीकधी ठिणगीआधीच जाळ लागतो. जी ठिणगी पडलीच नाही ती मागे घेऊन काय साधणार? कड तुटायला असे मोजके दणके पुरतात. मालकाला यातलं काही जाणवत नाही. गाडी तर आधीपेक्षा सुसाट पळत असते!

डिझेलवाले यावर हसतात. त्यांच्याकडे नुसती जादा हवा तितकी घातक नसते, जादा डिझेल टाकलं की एक्झॉस्ट तापतो. पण क्लच दोघांचेही घसरतात.

बूस्ट वाढवूच नये, असं मिस्त्रींचं मत नाही. त्यांचा क्रम उलटा आहे. आधी पेट्रोलचा ऑक्टेन ठरवायचा, प्लग एक पायरी थंड घ्यायचे, इंटरकूलर बघायचा, मग इंधन आणि इग्निशनचे तक्ते नव्यानं लिहायचे, डायनोवर लॉग घ्यायचा. दाब सगळ्यात शेवटी.

मालकानं फोर्ज्ड पिस्टनचा भाव विचारला. मिस्त्रींनी उलट विचारलं, ‘‘आणि बॉक्स तोच ठेवणार?’’