ऑनलाइन लिलावातला सदोष माल आणि खरेदीदाराचे हक्क

लिलावात बोली जिंकली की वस्तूबरोबर तिचे दोषही पदरात पडतात, हा समज सर्वत्र आहे. भारतातला कायदा मात्र तसे म्हणत नाही. लिलाव हीसुद्धा विक्रीच असते आणि विक्रेत्याच्या बहुतेक जबाबदाऱ्या तिलाही लागू होतात. फरक पडतो तो विक्रेता कोण आणि खरेदीदाराने कोणत्या अटी मान्य केल्या यामुळे.

लिलावाचे मूळ नियम वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64 मध्ये आहेत. हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचे जाहीर झाले, की विक्री पूर्ण होते. तोवर बोली मागे घेता येते. आपण स्वतः बोली लावणार आहोत हे विक्रेत्याने आधी जाहीर केले नसेल आणि तरीही त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावून भाव चढवला असेल, तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो.

ऑनलाइन लिलावात बोली लावणारा वस्तू हाताळू शकत नाही. फोटो आणि वर्णन यांवरच त्याची भिस्त असते. म्हणून कलम 15 त्याच्या फार कामाचे आहे. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. समजा, जुन्या कॅमेऱ्याच्या नोंदीत ‘लेन्स स्वच्छ, शटर चालू’ असे लिहिले आहे. खोके उघडल्यावर लेन्सच्या आत बुरशीचे जाळे दिसते आणि शटर अडकते. वस्तू जुनी असली तरी ती वर्णनाप्रमाणे नाही, आणि खरेदीदाराला ती नाकारता येते. विक्रेता घरातली एखादी वस्तू विकणारा सामान्य माणूस असला तरी हे बंधन त्याच्यावर आहे. कलम 16 नुसार माल विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची हमी मात्र त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यालाच लागू होते.

बँकांनी जप्त केलेल्या वाहनांच्या आणि सरकारी भंगाराच्या ई-लिलावात ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ ही अट हमखास असते. कलम 62 नुसार अशा स्पष्ट कराराने कायद्यातल्या गृहीत हमी वगळता येतात. माल आधी पाहण्याची मुभा अशा लिलावांत दिलेली असेल, तर ती सोडू नये. सहज दिसणाऱ्या दोषाबद्दल नंतर तक्रार टिकणे कठीण जाते. तरीही ही अट फसवणुकीला पांघरूण घालत नाही. माहीत असलेला दोष मुद्दाम दडवला असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार तो करार रद्द करून घेता येतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 ने ऑनलाइन खरेदीदाराला ‘ग्राहक’ मानले आहे. मात्र पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हे संरक्षण नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला आहे. जागांच्या जाहीर लिलावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये चंदीगड प्रशासनाच्या प्रकरणात वेगळी भूमिका घेतली: आहे त्या स्थितीतला भूखंड लिलावात घेणारा ग्राहक ठरत नाही.

ई-व्यापारावर 2020 चे नियम लागू आहेत. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. वैयक्तिक वस्तू अधूनमधून विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. तिच्याविरुद्ध 1930 च्या कायद्याचाच आधार घ्यावा लागतो.

एवढ्यावर दाद मिळाली नाही, तर ग्राहकाला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण तिथे चालते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे किंवा भरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो.

या साऱ्याचा पाया पुरावा हाच. लिलाव संपला की वस्तूची नोंद संकेतस्थळावरून निघून जाऊ शकते. म्हणून बोली लावण्यापूर्वीच वर्णन, फोटो आणि अटी यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, खोके उघडतानाचे चित्रण करावे, पैसे भरल्याची पावती जपावी आणि दोष दिसताच विक्रेत्याला लेखी कळवावे. वस्तू वापरत राहून नंतर तक्रार केली तर माल स्वीकारल्याचे मानले जाते आणि परत करण्याचा हक्क हातचा जातो.