भंडारा जिल्ह्यातील माध्यमिक स्तरावरील गळती : कौटुंबिक उत्पन्न व समाजघटक यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
शालेय गळतीचा विचार प्रायः प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात केला जातो. वस्तुतः गळतीचे मुख्य स्थान आता माध्यमिक स्तर हे आहे. सन २०२१-२२ च्या युडायस अहवालानुसार देशातील गळतीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के, तर माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे संरक्षण चौदा वर्षे वयापर्यंत आहे. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. नववीत प्रवेश करताना हे दोन्ही आधार एकदमच सुटतात. या टप्प्यावर दारिद्र्याचा परिणाम सर्व समाजघटकांवर सारखा का होत नाही, हे भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उत्पन्नाचे स्वरूप :
सात तालुक्यांचा हा जिल्हा धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या बाबतीत उत्पन्न किती, यापेक्षा ते केव्हा मिळते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. जुलै-ऑगस्टमधील रोवणी, दिवाळीच्या सुमाराची धानकापणी, मार्च-एप्रिलमधील मोहफुलांची वेचणी आणि उन्हाळ्यातील तेंदूपत्ता तोडणी हे मजुरीचे हंगाम होत. रोवणी शालेय वर्षाच्या आरंभी येते, तर मोहाचा हंगाम परीक्षांच्या काळात येतो. आई रोवणीला गेली की लहान भावंडांची जबाबदारी नववीतील मुलीवर पडते. दोन-तीन आठवड्यांच्या अनुपस्थितीनंतर गणित व इंग्रजी या विषयांत ती मागे पडते आणि पुढे शाळेत जाण्याचा संकोच वाटू लागतो. अशा रीतीने गळती ही एका दिवसात घडणारी घटना नसून हंगामागून हंगाम वाढत जाणारी प्रक्रिया आहे.

समाजघटकाचा प्रभाव :
समाजघटकाचा प्रभाव दोन्ही दिशांनी कार्य करतो. भूमिहीनता असूनही बौद्ध समाजात आंबेडकरी चळवळीने शिक्षणाचा आग्रह रुजविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. या भागाशी चळवळीचा संबंध असा जुना आहे. घरात वा वस्तीत शिकलेली व्यक्ती असली की अडचणीच्या वर्षीही शाळा सुटत नाही. याउलट माजी मालगुजारी तलाव व वैनगंगा यांवर उपजीविका असलेल्या ढिवर कुटुंबांत, तसेच वनालगतच्या गोंड वस्त्यांत, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला असा आधार क्वचित मिळतो.

उत्पन्न व समाजघटक यांना जोडणारा दुवा म्हणजे जातीचा दाखला. शिष्यवृत्ती, वसतिगृह व पुढील प्रवेश यांसाठी तो आवश्यक असतो. त्याकरिता अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे द्यावे लागतात. हे पुरावे मुख्यत्वे जमिनीच्या अभिलेखांत अथवा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत सापडतात. ज्यांच्या आजोबांकडे जमीन नव्हती व ज्यांनी शाळाही पाहिली नाही, त्यांच्या नातवाला सवलतीची गरज सर्वाधिक असते. पुरावा मात्र त्याच्याकडेच नसतो. पूर्वीच्या पिढीचे दारिद्र्य अशा रीतीने आजच्या पिढीच्या मार्गात उभे राहते.

निष्कर्ष :
उत्पन्न व समाजघटक ही गळतीची दोन स्वतंत्र कारणे नव्हेत. उत्पन्नाची अनिश्चितता विद्यार्थ्याला शाळेपासून दूर खेचते. त्याला धरून ठेवणारे बळ समाजघटकाच्या शैक्षणिक परंपरेवर व कागदपत्रांवर अवलंबून असते. म्हणून वार्षिक टक्केवारीपेक्षा रोवणी व मोहाच्या हंगामातील उपस्थिती पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. दाखल्यांसाठी साहाय्य आठवीतच मिळावयास हवे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत महाविद्यालयांना हे कार्य सहज हाती घेता येईल. महाविद्यालयाच्या वर्गात पोहोचणारे विद्यार्थी हे या चाळणीतून उरलेले विद्यार्थी असतात. जे पोहोचलेच नाहीत, त्यांची नोंद महाविद्यालयाच्या कोणत्याही हजेरीपटावर नसते.